आईचा औषधांचा डबा

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आईची औषधे आज अखेर कपाटात कुलूपबंद केली. बिस्किटांच्या ज्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ती असत, त्यातूनच ती बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही मोजून देत असे. त्यामुळे दीड वर्षापूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावरही तो डबा तिच्या उशाशी राहू देण्यात आम्हांला काही वावगे वाटले नव्हते.

गेल्या गुरुवारी दुपारी ती घामाने डबडबली, हात थरथरू लागले आणि मला ती स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. आजारच वाढला, असे मी धरून चाललो होतो; ग्लुकोमीटर लावून पाहण्याचे पत्नीला सुचले. साखर ५४ होती, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली आणि मग तिला दवाखान्यात नेले. न्याहारीबरोबर ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची, साखर उतरवणारी गोळी घेतल्याचे विसरून तिने ती पुन्हा घेतली होती. या गोळीचा परिणाम बराच काळ टिकत असल्यामुळे सावरलेली साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. चूक तिची नव्हती, डबा तिच्या हाती ठेवणाऱ्या आमची होती.

आज तो डबा जमिनीवर उपडा केला. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेले पाकिटांचे तुकडे होते आणि मुदतीची तारीख नेमकी कापून गेलेली होती. एकच औषध दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी होते. ही दोन वेगळी औषधे आहेत असे मलाही वाटले असते. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन निघाले, जे अशा रुग्णांचा गोंधळ वाढवते आणि स्मृतिभ्रंशावरच्या डोनेपेझिल या औषधाच्या नेमके उलट काम करते. तळाशी वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेल्या तीन गोळ्या होत्या, जिभेवर अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे काही गोळ्या दुप्पट जात होत्या आणि काही पोटात जातच नव्हत्या.

आता रविवारी आठवड्याच्या गोळ्या २८ खणांच्या डबीत भरायच्या, किल्ली आमच्या दोघांकडे ठेवायची, गोळी समोर बसून द्यायची, ती गिळली हे पाहायचे आणि मगच कागदावर खूण करायची, असे ठरले. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी कुटून वरणात कालवत होत्या, हेही आजच समजले. हेतू चांगला होता; पण ती हळूहळू विरघळणारी गोळी असल्याने कुटली की सगळे औषध एकदम सुटते, हे त्यांना सांगणे आमचेच राहून गेले होते. गोळी गिळवत नसेल तर दुसरे रूप मिळते का, हे उद्या डॉक्टरांना विचारायचे आहे.

हे सारे दोन तासांत उरकले. संध्याकाळी मात्र आई उशी उचलून, गादी उलटून डबा शोधत राहिली, आणि "माझा डबा कोणी नेला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी पत्नीने तोच डबा घासूनपुसून, त्यात थोडे वेलदोडे घालून तिच्या हातात दिला. जेवणानंतर आईने मला बोलावले, माझ्या तळहातावर दोन वेलदोडे मोजून ठेवले आणि बजावले, "चावू नकोस, पाण्याबरोबर गीळ." ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, म्हणून गिळले.