हेल्मोस पर्वतावर फुलपाखरांच्या मागे

इंग्रजीत ज्याला चेल्मोस म्हणतात आणि स्थानिक लोक ज्याचा उच्चार हेल्मोस असा करतात, तो 2,355 मीटर उंचीचा पर्वत ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या उत्तर भागात आहे. चेल्मोस ब्लू हे चकचकीत निळे फुलपाखरू युरोपात याच परिसरातील डोंगरांवर आढळते. एका फुलपाखरासाठी एवढ्या लांब कशाला जायचे, हा घरच्यांचा प्रश्न रास्त होता. तरीही जूनच्या अखेरच्या आठवड्यात मार्गदर्शकासह निघालेल्या आठ जणांच्या गटात मी सामील झालो.

अथेन्स विमानतळावरून मिनीबसने अडीच-तीन तासांत कालाव्रिता गाठता येते. गाव सुमारे 750 मीटर उंचीवर वसलेले असून तेथून वर जाणारा डांबरी रस्ता थेट स्कीइंगच्या तळापर्यंत, म्हणजे जवळजवळ 1,700 मीटरपर्यंत पोहोचतो. त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनीही ही सहल टाळण्याचे कारण नाही, कारण दिवसभरात आमची पायपीट क्वचितच सहा किलोमीटरच्या पुढे गेली.

पहिल्या दिवशी मी नवख्यासारखाच वागलो. दिसेल त्या निळ्या ठिपक्यामागे कॅमेरा घेऊन धावलो आणि संध्याकाळी माझ्याजवळ धूसर छायाचित्रांखेरीज काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाने आम्हाला एका खडकाळ उतारावर बसवले आणि आधी झाडे ओळखायला लावली. सह्याद्रीत फुले पाहण्याची सवय असलेल्या माणसाला येथे अनपेक्षित मदत होते, कारण प्रजाती परक्या असल्या तरी कुळे ओळखीची असतात. चुनखडीच्या खडकांवर गुलाबी फुलांच्या काटेरी उशीसारखे पसरलेले अकँथोलिमॉन हे आपल्या चित्रकाच्या कुळातील, पायाखाली चुरगळताच दरवळणारे थाईम तुळशीच्या कुळातील, तर भेगांमधून डोकावणारे मांसल पानांचे सेडम पानफुटीच्या कुळातील. ऑड-स्पॉट ब्लू हे जेमतेम दोन सेंटिमीटर पंखविस्ताराचे फुलपाखरू त्या अकँथोलिमॉनवरच अंडी घालते, आणि युरोपात ते हेल्मोस व दक्षिणेकडील तायगेतोस या दोनच पर्वतांवर आढळते. उशीजवळ वीस मिनिटे मुकाट्याने बसल्यावर ते स्वतःहून समोर आले. पुढील पंखाच्या खालच्या बाजूस रांग सोडून सरकलेला एक ठिपका पाहिला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावाचा उलगडा झाला.

चेल्मोस ब्लूच्या अळ्या ओनोब्रिकिस या शिंबी, म्हणजे वाटाण्याच्या कुळातील रोपावर वाढतात. त्यामुळे ही रोपे जेथे दाट होती, त्या रस्त्याकडेच्या उतारावर आम्ही दोन सकाळी घालवल्या. नर सापडले ते मात्र तेथून थोडे खाली, झऱ्याच्या पाण्याने ओल्या झालेल्या मातीवर चिखलपान करताना, म्हणजे चिखलातील क्षारयुक्त पाणी शोषताना, निरनिराळ्या जातींच्या पंधरा-वीस निळ्या फुलपाखरांच्या घोळक्यात. चिखलपानात गुंग असलेले फुलपाखरू सहसा चटकन उडत नाही, तेव्हा छायाचित्रासाठी याहून सोयीची जागा शोधण्यात वेळ दवडू नये. ग्रीक फर वृक्षांच्या मोकळ्या रानात अर्धपारदर्शक पांढऱ्या पंखांचे क्लाउडेड अपोलोही संथपणे तरंगताना दिसले.

जाणाऱ्यांनी तारखा विचारपूर्वक निवडाव्यात. ऑड-स्पॉट ब्लूचा हंगाम जुलैच्या सुरुवातीला संपत येतो, चेल्मोस ब्लू मात्र जुलैभर दिसते. दोन्ही हवी असतील तर जूनचा उत्तरार्ध उत्तम. कडक ऊन असले तरी वर वारा बोचरा असतो आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, म्हणून पावसाळी जाकीट पिशवीत ठेवावेच. काटेरी उशांमुळे अर्धी चड्डी निरुपयोगी ठरते. दीड-दोन मीटरवरील वस्तू स्पष्ट दाखवणारी दुर्बीण असल्यास जाळीची गरज पडत नाही. परवान्याशिवाय फुलपाखरे पकडण्याच्या किंवा रोपे उपटण्याच्या फंदात पडूच नये. मेंढपाळांची कुत्री भुंकत आली तर पळू नये, मेंढ्यांपासून दूर राहून मेंढपाळ येईपर्यंत थांबावे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो; उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात. शाकाहारींची आबाळ होत नाही, कारण टोमॅटोच्या रसातील मोठे पांढरे घेवडे, भात भरलेल्या भाज्या, पालकाचे सारण भरलेली पाई आणि फेटा चीज बहुतेक खाणावळींत मिळते. तिखट मात्र घरून न्यावे. रात्रीचे जेवण नऊच्या सुमारास सुरू होते, तेव्हा संध्याकाळसाठी चिवडा हाताशी असलेला बरा.

एक दिवस कालाव्रिता गावासाठी राखावा. 13 डिसेंबर 1943 रोजी जर्मन सैन्याने येथील पुरुषांची व मोठ्या मुलांची कत्तल केली. चर्चच्या एका मनोऱ्यावरील घड्याळाचे काटे आजही 2 वाजून 34 मिनिटांवर थांबलेले आहेत. परतताना आम्ही 1896 पासून धावणाऱ्या, काही टप्प्यांत दातेरी रुळाच्या आधाराने चालणाऱ्या 22 किलोमीटरच्या छोट्या रेल्वेने वुराईकोस नदीच्या दरीतून समुद्रकाठच्या दियाकोप्तोला उतरलो. दुरुस्तीसाठी ही गाडी अधूनमधून बंद असते, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर चौकशी करावी, आणि खिडकीजवळची जागा हवी असल्यास तिकीट आधीच काढून ठेवावे.