कोपऱ्यातला आकडा

दुपारी निवांत गेम खेळत होतो आणि पंख्यांचा आवाज चढला. चढतो तो, त्यात काही नाही, पण खाली यायचं नावच घेईना, आणि थोड्या वेळानं स्क्रीनवरचं सगळं जरा अडखळायला लागलं. कोपऱ्यात मी तापमानाचा आकडा लावून ठेवलाय, तो ८३ वर चिकटून बसलेला. ८२ नाही, ८४ नाही. ज्यांना सवय आहे त्यांना लगेच कळलं असेल, ग्राफिक्स कार्डानं, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या भागानं, स्वतःच ब्रेक लावला होता, क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणून तापमान वर जायचं टाळत होतं. लोक उगाच घाबरतात की कार्ड जळेल. जळत बिळत नाही हो सहसा, आधी हळू होतं, अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन सरळ बंद पडतं. ते स्वतःला सांभाळायला समर्थ आहे. पंचाईत आपली होते, कारण एकदा तो आकडा दिसला की गेम राहतो बाजूला, समोर लढाई चाललीये आणि आपण बघतोय ८३, ८३, ८२, उतरलं वाटतं, छे, परत ८३.

आमच्या घरी लहानपणी तापमान मोजायचं साधन म्हणजे बाबांचा तळहात. ते आणि आई बाहेर गेले की अभ्यास करायचा असा नियम होता, म्हणजे अर्थातच आम्ही टीव्ही बघायचो, तो जुना मागे पोट आलेला टीव्ही. गेटची कडी वाजली की बंद करून पुस्तक उघडायचं. बाबा आत यायचे, आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, सरळ टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे. निकाल लागला. मग ताईनं शक्कल काढली, की शेवटची दहा मिनिटं टीव्ही बंद ठेवून मागच्या फटींवर टेबलफॅन सोडायचा. त्या दिवशी बाबांनी हात ठेवला, टीव्ही गार. आम्ही मान खाली घालून वाचतोय. मग त्यांनी शेजारच्या टेबलफॅनच्या मोटरला हात लावला, हं म्हणाले, आणि कपडे बदलायला निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर कार्ड. अशा वेळी कुणालाही विचारा, पहिला सल्ला येतो पेस्ट बदल, म्हणजे चिप आणि तिची उष्णता खेचून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट. या सल्ल्याचा मला मनस्वी राग आहे. अरे बाबा, कार्ड खोलायचं म्हणजे दहा बारीक स्क्रू, नखाएवढे कनेक्टर, फाटायला टपलेले, उष्णता पोचवणारे मऊ पॅड, हे सगळं करण्याआधी निदान दोष कार्डाचा आहे की त्याच्या घराचा ते तरी बघ. त्याची चाचणी फुकट आहे. केसचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याचं, साईड पॅनल काढायचं, तोच गेम तिथूनच पुन्हा चालवायचा. तापमान १०-१२ अंशांनी उतरलं तर कार्ड बिचारं निर्दोष, केसमध्ये गार हवाच पोचत नाहीये. आणि पोचणार कशी, हल्ली बऱ्याच केसच्या पुढे, जिथून हवा आत यायची, तिथेच अखंड काच बसवतात आणि आत रंगीत दिवे लावतात! दिसतं छान. मात्र चाचणी झाली की पॅनल परत लावावं. कायमचं उघडं ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ते असो.

माझ्याकडे पॅनल काढून फक्त तीन अंश उतरले. मग सेन्सरच्या यादीत हॉटस्पॉट नावाची ओळ असते ती बघितली. कोपऱ्यातला आकडा चिपचं एकूण तापमान सांगतो, हॉटस्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. दोघांत १०-१५ अंशांचा फरक असतोच, तो काही आजार नाही. फरक तिशीकडे गेला की समजायचं चिप आणि हीटसिंक यांची गाठ नीट पडत नाहीये. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन पेस्ट मधून कडेला सरकत जाते आणि ऐन मधोमध चिप उघडी पडते. आमचा फरक होता २९. म्हणजे शेवटी तो पेस्टवाला सल्लाच बरोबर निघाला, पण तरी मला तो आवडत नाही.

कार्ड खोललं. पंख्याच्या पात्यांवर धूळ दिसते ती पुसली की लोकांना वाटतं झालं, खरी धूळ पंख्याखाली असते, हीटसिंकच्या पातळ पत्र्यांच्या वरच्या कडेवर. करडी, दाबून बसलेली. चिमट्यानं एका टोकाला धरून उचलली तर सबंध थर घोंगडीसारखा उलगडत आला, त्यात केस, सुताचे धागे, आणि एक मेलेला डास. हवेच्या कॅननं फुंकायचं असेल तर पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. जुनी पेस्ट कडेला खडूसारखी सुकलेली आणि मधे जवळजवळ नाहीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्यावर चिप इतकी लख्ख निघाली की तिच्यात ट्यूबलाईट दिसत होती. पॅड मात्र होते तेच परत ठेवले, कारण नव्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरनं जरी जास्त झाली तरी हीटसिंक चिपवर टेकतच नाही.

पूर्वी हा व्याप नव्हता. १९९६ च्या पहिल्या व्हूडू कार्डांवर पंखा तर सोडाच, बहुतेकांवर साधा हीटसिंकही नसायचा. २००३ चं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं तर त्याच्या पंख्याच्या आवाजाची एवढी टिंगल झाली की एन्व्हिडियानं स्वतःच आपली खिल्ली उडवणारा व्हिडिओ काढला. आता आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट लागतात. हे ५७५ वॅट शेवटी जातात कुठे? खोलीत. सगळेच्या सगळे. पेस्ट बदला, पंखे वाढवा, पाणी फिरवा, त्यानं उष्णता कमी होत नाही, फक्त चिपवरून लवकर उठून आपल्या अंगावर येते. बाबांना हे टेबलफॅनला हात लावून कळलं होतं आणि मी इथे सेन्सरच्या याद्या वाचत बसलोय.

उष्णता खरंच कमी करायची तर वीजच कमी द्यायला हवी. कंपनी सगळ्या चिपांना जरा जास्तच व्होल्टेज लावून पाठवते, कारण त्यातली सगळ्यात मंद चिपही चालली पाहिजे, आणि आपली चिप बहुतेक तेवढी मंद नसते. विजेचा खप साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, त्यामुळे १.०५ वरून ०.९ व्होल्टवर आणलं तर त्याच क्लॉकला जवळपास पाव भाग वीज वाचते. सगळ्या चिपा इतकं खाली येत नाहीत, हळूहळू उतरवत जायचं, गेम क्रॅश झाला की एक पायरी वर. आणि फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, लगाम घालायचा. काही गेमच्या मेनूमध्ये तो लगाम नसतो, म्हणजे आपण नुसतं स्टार्टचं बटन बघत बसलोय आणि कार्ड आत तेच बटन सेकंदाला शेकडो वेळा रंगवतंय, जीव तोडून. मला यात हसावं की रडावं कळत नाही.

एवढं सगळं करून आता आकडा ६८ वर असतो, हॉटस्पॉट ८० च्या आसपास. पंखे इतके हळू फिरतात की त्यांच्यामागे लपलेला दुसरा एक आवाज ऐकू यायला लागलाय, बारीक, चिरका, गेममधला कॅमेरा वळवला की सूर बदलणारा. कार्डावरच्या कॉइल थरथरतात त्याचा. तो आधीही असणारच, पंख्यांच्या गोंगाटात कधी कळला नाही. याला ना पेस्ट लागू पडते ना पॅड, फ्रेमरेट अजून खाली आणला तर थोडा कमी होतो म्हणे. आणून बघितला. झाला थोडा कमी. हेडफोन घालतो आता, काय करणार.