चकलीच्या अंगावरचे माइट्स

संगमनेरला आमचं कृषी सेवा केंद्र होतं. डाळिंबावर नाहीतर टोमॅटोवर लाल कोळी (पानाखाली बसून रस शोषणारी बारीक कीड) आला म्हणून कुणी औषध मागायला आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: पान उलटं करून बघितलं का? निम्मे लोक नाही म्हणायचे. दुकान आता पुतण्या चालवतो. मी पुण्यात लेकीकडे राहतो आणि लेकीकडे चकली राहते. चकली म्हणजे बॉल पायथन हा लहान अजगर, सव्वा किलोची मादी, मूळ पश्चिम आफ्रिकेतली जात. (सोसायटीत हा प्रश्न येतोच, म्हणून सांगून टाकतो. आपला अजगर, नाग, धामण घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चकली परदेशी जातीची आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर तिची नोंदणी झालेली आहे आणि कागद लेकीच्या फाइलीत आहेत.)

आषाढ संपत आला होता, भिंतींनाही ओल आलेली. एरवी दिवसभर आपल्या ढोलीत पडून असणारी चकली पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली, ती उठेच ना. कात टाकायच्या आधी काही साप असे पाण्यात बसतात, पण तेव्हा डोळे निळसर धुरकट होतात. हिचे स्वच्छ होते. लेकीने भांडं उचललं तर तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके, त्यातले काही पाय झाडत होते. हे माइट्स, लाल कोळीचेच रक्त पिणारे भाऊबंद. मी म्हटलं, ‘हिला जरा उलटी कर, खालून बघू.’

सापाचंही पानासारखंच. पाठ चकचकीत दिसते, सगळा मामला खाली आणि खाचाखोचांत. हनुवटीखाली मधोमध एक घडी असते, तिच्यात ओळीने बसलेले. ओठांवर ऊब ओळखणारे जे खळगे असतात त्यांत. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. त्या खवल्याच्या कडेने तर नुसती किनार लागलेली. खवल्यांवर पांढरी पूड दिसत होती, ती माइट्सची विष्ठा. ओला पांढरा टिश्यू अंगावरून फिरवला आणि त्यावर तांबूस रेघा उमटल्या. रक्त प्यायलेले माइट्स चिरडले की असंच दिसतं.

या माइटचं शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. ते मला लेकीने सांगितलं, पण त्याचं चक्र ऐकल्यावर मला हा गडी ओळखीचा वाटला. अंडं, अळी, मग कोषाविना दोन पिल्लावस्था, मग प्रौढ. यातली पहिली पिल्लावस्था आणि प्रौढ एवढेच रक्त पितात. मादी पोट भरलं की सापावरून उतरते आणि अंधारी, दमट फट शोधून तिथे अंडी घालते. जन्मभरात साठ ते ऐंशी. पंचवीस-तीस अंशांच्या उबेत, म्हणजे बॉल पायथनच्या डब्यात जी ऊब ठेवावीच लागते तिच्यात, अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण दोन आठवड्यांत होतो. नर भेटला नाही तरी मादी अंडी घालते, त्यांतून नर निघतात. म्हणजे डब्यात एक मादी शिरली तरी वंश चालू. आणि पावसाळ्यात पुण्याची हवा त्यांना मानवते, कोरड्या हवेत ते सुकून मरतात.

म्हणजे सापावर दिसतात ते माइट्स हा थोडा भाग. बाकीचे डब्याच्या झाकणाच्या खोबणीत, ढोलीच्या सालीत, खाली अंथरलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात. हे एकदा डोक्यात बसलं की औषधाचा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. पण तोवर औषधं सुचवणारे जमा झालेले असतात.

लेकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, गोचिडाचं बुटॉक्स पाण्यात टाकून फवारा. बुटॉक्स म्हणजे डेल्टामेथ्रिन, गाईम्हशींसाठीचं. मी अशा बाटल्या विकल्या आहेत. पाण्यात ओतल्यावर दुधाळ होणाऱ्या औषधांत नुसतं विष नसतं, ते विरघळवून ठेवणारं द्रावक असतं, साबणी पदार्थ असतात. गाय मोकळ्या गोठ्यात उभी असते, साप झाकणबंद डब्यात त्याच वाफेत श्वास घेत पडलेला असतो. दुसऱ्याचं म्हणणं, काका, निंबोळी तेल, ते तर नैसर्गिक. पिकाच्या निंबोळी अर्काच्या बाटलीवरही पीपीएम (दहा लाख भागांत औषध किती) लिहिलेले असतात ते उगाच नाही, आणि त्यातही तेल पाण्यात मिसळावं म्हणून बरंच काही घातलेलं असतं. घाण्यावरच्या तेलात काय किती असेल याचा नेमच नाही. सौ.ने डांबरगोळ्या सुचवल्या, कपाटात कसर लागत नाही म्हणून. बंद डब्यात डांबरगोळी ठेवली तर माइटच्या आधी चकली जायची.

परदेशातले जुने साप पाळणारे डब्यापाशी डायक्लोरव्हॉसच्या पट्ट्या टांगायचे असं लेकीने वाचून दाखवलं, तेव्हा मी हात जोडले. डायक्लोरव्हॉस म्हणजे आपलं नुवान हे कीटकनाशक. त्याने किती घरं उजाड केली ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. ३१ डिसेंबर २०२० पासून ते देशात बंदच आहे.

मला खरी भीती वाटते ती जनावरांच्या जंत-गोचिडांवरच्या आयव्हरमेक्टिनची, कारण ते औषध खरोखर लागू पडतं, स्वस्त आहे आणि जनावरांच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. गुलाबाच्या लाल कोळीवर आम्ही ॲबामेक्टिन द्यायचो, हे त्याचं भावंड. जनावरांच्या इंजेक्शनची मात्रा मला तोंडपाठ: पन्नास किलो वजनाला १ मिली. आता चकलीचा हिशोब करा. सव्वा किलोला येतात ०.०२५ मिली. सिरिंजमधून एक साधा थेंब पडतो तो याच्या दुप्पट. म्हणजे ‘एकच थेंब दिला’ म्हणणाऱ्याने दुप्पट मात्रा दिलेली असते. बॉल पायथनमध्ये तर या औषधाने मान वाकडी होणं, तोल जाणं असे प्रकार नोंदले गेलेत. आणि कासवाला हे औषध म्हणजे मृत्यूच. घरात कासव असेल तर बाटली घरातच आणू नये. डॉक्टर योग्य प्रमाणात पातळ करून देतात तेव्हा गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी करायचं.

आम्ही विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी वजन केलं. मग तोंड उघडून आतला रंग बघितला, फिकट आहे का. खूप माइट्स झाले तर साप रक्तक्षयाने खंगतो, आणि हे माइट्स एका सापाचे जंतू दुसऱ्याला पोचवतात. आतला रंग गुलाबी होता. मग त्यांनी कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळतो तो ०.२५ टक्क्याचा फिप्रोनिल स्प्रे काढला. त्याच्या लेबलवर साप नाही, त्यांनी आपल्या जबाबदारीवर लिहून दिला. सापावर थेट फवारला नाही, कारण त्यात अल्कोहोल असतं. खिडकी उघडून, हातमोजे घालून सुती कापडावर मारला, अल्कोहोल जरा उडू दिलं, आणि डोळे-तोंड टाळून कापड डोक्याकडून शेपटीकडे हलकं फिरवलं. पाचेक मिनिटांनी कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून घेतलं. आठवड्याने पुन्हा. अंड्यांवर औषध चालत नाही, ती फुटून नवी पिढी बाहेर येते तेव्हा तिला गाठायचं, म्हणून पुन्हा. हे मी शेतकऱ्यांना जन्मभर सांगितलं: पहिल्या फवारणीने कोळी मेला म्हणून पंप धुवून ठेवू नका.

(फिप्रोनिल सशाला अजिबात चालत नाही. आणि परदेशात सापाच्या डब्याला जे परमेथ्रिन मारतात ते मांजराला मारक. घरात आणखी कोण आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.)

बाकी सगळं काम घरी, आणि तेच मोठं. कोकोपीट पिशवीत बांधून गच्चीवरून थेट कचऱ्यात. लाकडी ढोली टाकून दिली, लेकीचा जीव तुटला, पण सालीतली अंडी निघणार कशी? साध्या प्लॅस्टिकच्या टबात पांढरा टिश्यू अंथरला, त्यावर माइट पटकन दिसतो. ढोली म्हणून श्रीखंडाचा मोठा डबा उलटा घालून त्याला दार कापलं. टिश्यू रोज बदलायचा, टब कढत पाण्याने आणि साबणाने घासायचा, झाकणाच्या खोबणीतून जुना टूथब्रश फिरवायचा. पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर माइट टिकत नाही, फुकटचं औषध आहे. टब पूर्ण गार आणि कोरडा झाल्याशिवाय चकली परत ठेवायची नाही. टबाखालचं कपाट, मागची भिंत, हीटिंग पॅडची वायर, सगळीकडे व्हॅक्यूम, आणि व्हॅक्यूमची पिशवी घराबाहेर. औषध लावलं त्या दिवशी पाण्याचं भांडं काही तास काढून ठेवायचं, कारण ती त्यात जाऊन बसणार आणि तेच पाणी पिणार.

कोमट पाण्यात उथळ बसवलं की बरेच माइट बुडून मरतात, तेवढा आराम तिला मिळतो. पण चलाख असतात ते डोक्याकडे चढतात, आणि डोकं काही बुडवता येत नाही. डोळ्याच्या कडेचे लेक ओल्या कापूसबोळ्याने एकेक टिपायची. चिमट्याने ओढायचे नाहीत, डोळ्यावरचा खवला दुखावला तर नवीनच दुखणं. तेल चोपडूनही माइट गुदमरतात, पण मग खवल्यांवर धूळ बसते, आणि डब्यातल्या अंड्यांचं काय?

दुसरी पुसणी नेमकी नागपंचमीला आली. सौ. चकलीला वर्षभर ‘ते जनावर’ म्हणते, पण त्या दिवशी म्हणाली, आज तिला औषध फासायचं नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तसंच हेही. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या हसल्या, एका दिवसाने काही बिघडत नाही म्हणाल्या. त्या दिवशी नुसता टिश्यू बदलला.

पुढे चकलीने कात टाकली, तिच्या आत मेलेले माइट्स चिकटलेले होते. लेकीला वाटलं संपलं. मी टिश्यूवर लक्ष ठेवून होतो. एकही ठिपका न दिसता दोन पूर्ण पिढ्यांचा काळ, म्हणजे महिनाभर जाईपर्यंत साधा टब आणि कागदच राहू दिला.

आले कुठून, तर लेकीच्या मित्राच्या कॉर्न स्नेकबरोबर. तो गावी गेला म्हणून त्याचा साप आमच्याकडे होता, चकलीच्या शेजारच्या फळीवर, आणि दोघांना उंदीर भरवायचा चिमटा एकच. त्याच्याही सापावर इलाज झाला. नवा साप आणला तर तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवतात, पाहुण्यालाही तोच न्याय हवा. गणपतीच्या आधी त्याचा फोन आला, ‘काका, पुन्हा ठेवू का आठवडाभर?’ ठेव म्हटलं. त्याचा डबा आता माझ्या खोलीत आहे, खाली पांढरा कागद, चिमटा वेगळा, भांडं वेगळं. आधी चकलीचं सगळं करायचं, मग त्याचं, आणि त्यानंतर अंघोळ केल्याशिवाय चकलीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. लेकीला हे जरा अति वाटतं.