शिकागोतील हस्तांतरण करवाढीला विरोध करताना

शिकागोत मालमत्ता घेताना खरेदीदाराला किमतीच्या ०.७५ टक्के हस्तांतरण कर शहराकडे भरावा लागतो. आपल्याकडच्या मुद्रांक शुल्काशी तो बराच मिळताजुळता आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नगर परिषदेने या कराचे दर बदलण्याचा प्रश्न मतदारांपुढे ठेवण्याचे ठरवले. वाढीव उत्पन्न बेघरांच्या घरांसाठी वापरायचे होते आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांचा त्याला पूर्ण पाठिंबा होता. इथल्या हिवाळ्यात पुलाखाली तंबू ठोकून राहणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे घरांची गरज मला मनापासून मान्य आहे. मात्र हा भार चुकीच्या ठिकाणी पडत होता.

लोक त्याला सर्रास बंगल्यांवरचा कर म्हणत. प्रत्यक्षात भाड्याच्या इमारती आणि दुकानेही त्यात येत होती. पहिल्या १० लाख डॉलरवर ०.६ टक्के, पुढच्या ५ लाखांवर २ टक्के आणि त्यावरील रकमेवर ३ टक्के, असे नवे दर होते. आमच्यासारखी जुनी भाड्याची इमारत २० लाखांना विकली गेली, तर १५,००० डॉलरऐवजी ३१,००० डॉलर भरावे लागले असते, आणि नवा मालक ती रकम भाड्यातूनच वसूल करणार, हे उघड होते. हाच हिशेब कागदावर मांडून मी नगरसेविकेच्या कार्यालयात गेलो. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, पण जमलेला पैसा नेमका कसा खर्च होणार, याचा तपशील त्यांच्याकडेही नव्हता.

शेजारच्या इमारतींमध्ये फिरताना मी नमुना मतपत्रिका सोबत नेत असे. काहींसाठी घट आणि इतरांसाठी वाढ, असे तिन्ही दर एकाच लांबलचक प्रश्नात गुंफलेले होते आणि उत्तर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे होते. याच मुद्द्यावर मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या होत्या. फेब्रुवारीत न्यायाधीशांनी प्रश्न अवैध ठरवला आणि ६ मार्च २०२४ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधल्या काळात मत मोजले जाईल की नाही, हेच लोकांना कळेना. तरीही त्या रकान्यात खूण करा, ती कोरी सोडू नका, असे मी प्रत्येकाला सांगत राहिलो.

१९ मार्चला मतदान झाले. टपाली मतांची मोजणी पुढे काही दिवस चालली आणि प्रस्ताव फेटाळला गेला. तोच हिशेब, खर्चाच्या आराखड्याच्या लेखी मागणीसह, मी नगरसेविकेकडे पुन्हा पाठवला आहे.