गायब झालेली अकरा पानं

त्या दिवशी सकाळी पुस्तक हातात पडलं तेव्हा मी पाकीट फोडलं, मुखपृष्ठ बघितलं आणि ते बाजूला ठेवून दिलं. घाई नव्हती. कादंबरी तीन आठवड्यांपूर्वीच वाचून झाली होती, परीक्षण लिहून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवलं होतं, दुपारी चारला पान लागणार होतं. राहिलं होतं ते एकच किरकोळ काम : परीक्षणात उद्धृत केलेली चार वाक्यं छापील प्रतीशी ताडून बघायची. दहा मिनिटांचा मामला.

हे ताडणं का लागतं, ते सांगते. मी कुमारवयीन वाचकांसाठीच्या नव्या कादंबऱ्या वाचते आणि त्यांच्यावर लिहिते. यंग अडल्ट, या धंद्यात सगळे नुसतं 'वायए' म्हणतात. परीक्षण पुस्तकाबरोबरच यावं म्हणून प्रकाशक काही महिने आधी कच्ची प्रत पाठवतात. तिच्या मुखपृष्ठावरच 'अनकरेक्टेड प्रूफ' असं छापलेलं असतं आणि आत एक ताकीद असते, की अंतिम प्रतीशी पडताळल्याशिवाय यातलं काही उद्धृत करू नये. प्रूफमध्ये काय वाट्टेल ते सापडतं. आभाराच्या पानावर 'मजकूर यायचा आहे' एवढंच लिहिलेलं असतं. एका कादंबरीत नायकाच्या कुत्र्याचं नाव मध्यावर बदललं होतं आणि मी बराच वेळ समजत होते की कुत्रे दोन आहेत. अशा चुका दिसल्या की आपण मनातल्या मनात त्या दुरुस्त करायच्या आणि पुढे जायचं. सवय होते. आणि त्या सवयीमुळेच माणूस गाफील राहतो.

कादंबरीचं नाव देत नाही, पुढे का ते कळेलच. गोष्ट सोळा वर्षांच्या एका मुलीची. मोठा भाऊ मोटरसायकलच्या अपघातानंतर बेशुद्ध आहे. त्या रात्री तो कुठे गेला होता याबद्दल ती आईवडिलांशी खोटं बोलली होती. चाळीस दिवस, चाळीस प्रकरणं, सगळं तिच्याच तोंडून. भावाच्या फोनवर पहाटे पाच चाळीसचा गजर लावलेला असतो आणि ती तो फोन रोज रात्री चार्जिंगला लावते, का, तर गजर वाजावा म्हणून. वाजला की बंद करते, रात्री परत चार्जिंग. आईला वाटतं पोरीला फोनचं वेड. लेखिका याचा कुठेही अर्थ सांगत बसत नाही, आणि तेच मला आवडलं होतं.

आवडला नव्हता तो उपसंहार. 'अकरा वर्षांनंतर' असं शीर्षक, पानं ३०८ ते ३१८. मुलगी सत्तावीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट झालेली. भाऊ काठी घेऊन का होईना, चालतोय. आई हसतेय. खोटं कधीचंच माफ झालेलं. माझ्या परीक्षणाचा तिसरा परिच्छेद या अकरा पानांवर होता आणि त्यात एक वाक्य होतं, जे लिहून झाल्यावर मी उठून चहा केला होता : 'हा उपसंहार मुलांसाठी नाही, पुस्तक विकत घेऊन देणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठी लिहिलेला आहे.' पुढचा निष्कर्षही सगळा यावरच उभा होता. चांगली कादंबरी, शेवटी धीर सुटलेली, असा.

साडेअकराला पुस्तक उघडलं. पहिली तीन वाक्यं बरोबर होती. चौथं उपसंहारातलं, म्हणून थेट मागून पानं उलटली. आभार. त्याच्या अलीकडे ३०७. चाळीसावं प्रकरण, पहाट, गजर वाजतोय. त्याखाली अर्धं पान कोरं.

प्रत सदोष असेल असं आधी वाटलं. बांधणीत फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, सुटतो कधीकधी. शिलाई बघितली, अनुक्रमणिका बघितली. उपसंहार अनुक्रमणिकेतही नव्हता. म्हणजे काढून टाकला होता. विचारपूर्वक, शेवटच्या फेरीत. आणि माझा तिसरा परिच्छेद आता अशा पानांना झोडपत होता जी जगातल्या एकाही वाचकाला दिसणार नव्हती.

पुरवणीच्या संपादकांना फोन केला. ते शांत. "अहो, मग तेवढा परिच्छेद उडवा की. दीडशे शब्द तर आहेत. फोटो जरा मोठा घेतो."

"तसं नाही होणार. पुन्हा वाचावं लागेल."

"सगळं?"

"बघते. पावणेचारपर्यंत द्या."

"पावणेचार म्हणजे पावणेचार हं. मग मी फोटो मोठा करतो."

खरं सांगायचं तर पहिली भावना आनंदाची होती. मी म्हणत होते तेच प्रकाशनाच्या संपादकालाही वाटलं, मी बरोबर होते! ताशेरे काढायचे, त्या जागी कौतुक वाढवायचं, की झालं. त्याच खुशीत पान २१ परत उघडलं. तिथलं एक वाक्य मी परीक्षणात कौतुकानं घेतलं होतं. 'तेव्हा मला माहीत नव्हतं, की आईला उशीर होणं ही पुढे आमच्या घराची सवयच होऊन जाणार आहे.' प्रूफमध्ये त्याच्या समासात मी बरोबरची खूणही केली होती.

आता तेच वाक्य वाचलं आणि अडखळले. 'तेव्हा' म्हणजे केव्हा? 'पुढे' म्हणजे कुठे? उपसंहार होता तोवर उत्तर सोपं होतं. बोलणारी सत्तावीस वर्षांची बाई होती, ती मागे वळून सांगत होती. उपसंहार गेला, आता बोलणारी मुलगी चाळीसाव्या दिवशीच्या पहाटे उभी आहे. तिच्यासाठी 'पुढे' असं काही घडलेलंच नाही. मग हे तिला कोणी सांगितलं?

पेन्सिल घेऊन बसले. पान ५८, 'कितीतरी वर्षांनी मला उमजलं'. पान ९३. पान १४०, 'आज मागे वळून बघताना'. एकूण सात जागा निघाल्या. वरचा मजला पाडला होता, पण वरून येणारा आवाज तसाच राहिला होता. बाकी सगळीकडे अस्सल सोळा वर्षांची, तुटक, चिडकी, आपल्याच खोट्यात गुदमरलेली मुलगी, आणि मध्येच सात वेळा कोणी समजूतदार बाई तिच्या तोंडून बोलून जाते. प्रूफमध्ये ही वाक्यं मला खोल वाटली होती. आता ती परकी वाटत होती. एक अक्षरही बदललेलं नसताना.

आमच्या कामात याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच असतो : सांगणारा कुठे उभा आहे? लोकांना वाटतं, नायिका पंधरा-सोळाची असली की झाली वायए. ग्रंथपालांच्या जगात बारा ते अठरा वर्षांचे वाचक असं साधारण माप धरतात, ते सोयीचं आहे, पण ते वाचकाचं वय झालं. पुस्तकाची जात ठरते ती अंतरावरून. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० मध्ये आली. तिच्यात मुलगी लहान आहे, पण सांगणारी मोठी आहे. शाळाशाळांतून ती वाचली जाते, तरी तिची नजर मागे वळलेल्या माणसाची. सात वर्षांनी, १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' आली. लिहायला घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या. चौदा वर्षांचा मुलगा सांगतोय आणि शेवटी कळतं, की आपण वाचली ती गोष्ट म्हणजे त्यानं इंग्रजीच्या शिक्षकांसाठी लिहायला घेतलेला निबंध आहे. घटना नुकत्याच घडलेल्या, जखमा ओल्या, शहाणपण यायला वेळच मिळालेला नाही. आधुनिक वायएची सुरुवात अनेक जण त्या पुस्तकापासून मोजतात, त्यामागे हे अंतर, किंवा अंतर नसणं, आहे असं माझं मत. (जाता जाता : हिंटन यांनी पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं वापरली ती प्रकाशकांच्या सुचवण्यावरून. बाईचं नाव बघून पुरुष परीक्षक पुस्तक आधीच मोडीत काढतील, ही भीती. परीक्षक जमातीबद्दल प्रकाशकांचं हे मत. मी टेबलासमोर चिकटवून ठेवायला हवं.)

मागे वळून सांगणं वाईट असतं असं नाही. मागे वळून सांगणारी कादंबरी असू शकते, आणि ऐन मध्यात उभं राहून सांगणारीही. ही कादंबरी आधी पहिली होती, ऐन वेळी तिला दुसरी केलं होतं आणि शिवण सात ठिकाणी उसवली होती.

इथे मला शेजारची मुलगी आठवली. पंधरा वर्षांची आहे, माझ्याकडची पुस्तकं अधाशासारखी वाचते आणि बहुतेकांना 'ठीक' म्हणते. ते प्रूफ तिनेही वाचलं होतं. परत करताना म्हणाली होती, "मावशी, शेवटचं ते अकरा वर्षांनंतरचं मी वाचलंच नाही."

"का गं?"

"कळलंच होतं ना. ती मधेमधे बाईसारखी बोलते. 'तेव्हा मला कळत नव्हतं' वगैरे. म्हणजे मोठी होणार, सगळं नीट होणार. आमच्याशी मोठी माणसं तसंच बोलतात."

मी हसले होते आणि मनात म्हटलं होतं, यांना शेवटची अकरा पानं वाचायचाही धीर नाही. तिनं मला परीक्षण हातात आणून दिलं होतं आणि मी ते प्रूफबरोबर कपाटात ठेवून दिलं होतं. एरवी मी इतरांना उपदेश करत असते, की 'मुलांना हे आवडेल' असं परीक्षणात लिहू नका, कोणत्या मुलांना ते सांगा. आणि माझ्यासमोर एक मूल उभं राहून बोलत होतं तेव्हा मी त्याची चंचलता मोजत होते.

एक वाजला होता. आता नवीच अडचण. दोष कळला होता, दोषाचं कारणही कळलं होतं, पण कारण लिहिता येत नव्हतं. परीक्षण असतं वाचकाच्या हातात पडणाऱ्या पुस्तकाचं. प्रूफमध्ये काय होतं, कोणी काय कापलं, ही आतली गोष्ट. ती विश्वासानं आपल्याला आधी दाखवलेली असते, चव्हाट्यावर मांडायला नव्हे. संपादकांना मात्र तीच रुचली. दीडला त्यांचा फोन : "तेच लिहा ना, अकरा पानं गायब! मस्त मथळा होईल."

"नाही लिहिता येणार."

"कोण विचारतंय?"

"कोणीच नाही. म्हणूनच."

(तो मथळा आज मी इथे वापरला आहे. पुस्तकाचं नाव घातलेलं नाही, एवढी सवलत स्वतःला दिली.)

पहिला मसुदा वकिली झाला, सात जागांची पानांसकट यादी. फेकला. दुसऱ्यात फक्त दोनच वाक्यं घेतली, २१ आणि १४० या पानांवरची, आणि विचारलं, की हे नक्की कोण बोलतंय? मग शेजारच्या मुलीचं म्हणणं घातलं, 'एका पंधरा वर्षांच्या वाचक मुलीच्या कानांनी हे माझ्याआधी टिपलं' असं स्पष्ट लिहून. ते लिहिताना जरा जड गेलं, हे कबूल करते. आणि उरलेली जागा दिली शेवटाला. कारण तो शेवट! चाळीसावा दिवस, पाच चाळीस, गजर वाजतो. आदल्या रात्री तिनं पहिल्यांदाच फोन चार्जिंगला लावलेला नाही, चार टक्के बॅटरी उरली आहे आणि ती गजर बंद न करता नुसती बघत बसते. प्रूफमध्ये हा प्रसंग शब्दन् शब्द असाच होता आणि मी त्यावरून सरळ पुढे गेले होते, कारण पुढे पानं होती. तळाची कोरी जागा आली तेव्हा कुठे तो मला दिसला. कादंबरीचा निकाल माझ्या लेखी उलटा झाला होता : शेवटी धीर सुटलेली नव्हे, शेवटी धीर आलेली, पण मागची आवराआवर न केलेली.

तीन बेचाळीसला पाठवलं. संपादकांचा निरोप आला, 'मिळालं. फोटो लहान केला.'

दुसऱ्या दिवशी पान बघितलं. मजकूर जसाच्या तसा, एकही मुद्रणदोष नाही. वरच्या चौकटीत लेखिका, प्रकाशक, पृष्ठसंख्या. पृष्ठं ३१८. चौकट मी तीन आठवड्यांपूर्वी प्रूफवरून भरून पाठवली होती आणि तिच्याकडे कोणी परत बघितलंच नव्हतं. मीही नाही.

आठवड्यानं एका वाचकाचं पत्र आलं. परीक्षण आवडलं, पुस्तक लगेच विकत घेतलं, पण माझ्या प्रतीत अकरा पानं कमी आहेत. बदलून कुठे मिळेल?