स्वस्तातली टूरिंग कार रेसला लावताना

रिमोट कंट्रोलवरची (आरसी) बजेट गाडी घेतली की बहुतेक जण आधी मोटर बदलायला धावतात, आणि मला वाटतं तिथंच पैसे वाया जातात. टामिया कंपनीची टीटी-०२ घ्या, १/१० स्केल (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी), शाफ्ट ड्राइव्ह (मोटरची ताकद दांड्यावाटे चाकांना), फोर व्हील ड्राइव्ह, क्लब रेसिंगला चांगली गाडी आहे, पण पहिला खर्च टायरवर करा, क्लबात सगळे जे टायर वापरतात तेच घ्या, उगाच प्रयोग नको. मग बॉल बेअरिंग. काही किटमध्ये अजून बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या, येतात, ते काढूनच टाका.

त्यानंतर ऑइल डॅम्पर, म्हणजे तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कारण किटमधले नुसत्या घर्षणावर चालणारे फ्रिक्शनवाले नावाला असतात, गाडी उसळ्या मारते आणि मग आपण स्टिअरिंगला दोष देत बसतो. कार्पेटच्या ट्रॅकवर राइड हाइट (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) साधारण ५ मिमी, कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे दीड-दोन डिग्रीपासून, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, सुरू करा, मागे थोडा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली) ठेवा म्हणजे थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग सुटत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला हां, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळतच नाही.

बॉडी, म्हणजे वरचं कवच, कसली लावायची? जी तुटली तरी वाईट वाटणार नाही ती.