सहा बाटल्या, अकरा वर्षे

अ‍ॅडलेडला स्थायिक झाल्यावर 2013 साली मी बरोसा खोऱ्यातील एका लहान वाइनरीतून कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि शिराझ या द्राक्षांच्या मिश्र रेड वाईनच्या सहा बाटल्या घेतल्या. द्राक्षे 2010 च्या हंगामातील होती आणि बाटल्यांना आट्यांच्या झाकणाऐवजी बूच होते. फ्रान्समधील बोर्दोमध्ये कॅबर्नेला मेर्लो या द्राक्षाची जोड देतात. ऑस्ट्रेलियात ती जागा बहुधा शिराझ घेते. पेनफोल्ड्स या कंपनीची बिन 389 ही वाईन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तिथले वाईनकार मॅक्स शुबर्ट यांनी ती प्रथम 1960 साली केली. कॅबर्नेची चव आरंभी आणि शेवटी ठळक असते, पण मधल्या भागात पोकळ वाटू शकते, आणि शिराझचा भरदार गोडवा नेमकी तीच पोकळी भरून काढतो.

पहिली बाटली लगेच उघडली. रंग पिकल्या जांभळासारखा काळसर होता. वास करवंदांचा, त्यामागे अमेरिकन ओकच्या पिंपातून येणारा व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा. द्राक्षांच्या साली-बियांतून येणाऱ्या टॅनिन या द्रव्याबद्दल मी पुष्कळ वाचले होते, पण ते खरे उमगले ते ‘तुरट’ हा आपला शब्द आठवला तेव्हा. जांभळे खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आवळल्या जातात, तसेच ते होते. वाईन चांगली होती, पण तिचे सारे गुण एकाच वेळी पुढे येऊ पाहत होते. बाटलीत टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू हळूहळू एकमेकांशी जोडले जातात, त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा मवाळ होतो. म्हणून उरलेल्या पाच बाटल्या मुरत ठेवायचे ठरवले. 2016 मध्ये उघडलेली दुसरी बाटली मात्र मुकी निघाली. फळांचा वास ओसरला होता आणि नवे काही आले नव्हते.

साठवणीत माझी चूक झाली. वाईनला साधारण 12 ते 15 अंशांचे स्थिर तापमान, अंधार आणि बूच सुकू नये म्हणून आडवी मांडणी लागते. भाड्याच्या घरात तळघर नसल्याने मी बाटल्या भिंतीतल्या कपाटात ठेवल्या आणि अंधार आहे एवढ्यावर समाधान मानले. 24 जानेवारी 2019 रोजी अ‍ॅडलेडमध्ये 46.6 अंश तापमान नोंदले गेले. त्या आठवड्यात मी बाहेरगावी होते आणि घर बंद होते. परतल्यावर पाहिले, तर वरच्या फळीवरील बाटलीचे बूच वर सरकले होते आणि तिच्या मानेवरून चिकट ओघळ आला होता, कारण तापलेली वाईन प्रसरण पावून बुचाला ढकलते. ती त्याच संध्याकाळी उघडली. चव जास्त आटवलेल्या मोरंब्यासारखी, सपाट आणि जड होती. सहा वर्षांची वाट एका आठवड्यात वाया गेली याचे मला आजही वाईट वाटते.

उरलेल्या तिन्ही बाटल्या कपाटाच्या तळाशी, फरशीला टेकलेल्या थर्माकोलच्या जाड खोक्यात होत्या आणि त्यांची बुचे जागची हलली नव्हती. मी विजेवर चालणारे वाईनचे कपाट घेतले, ते 14 अंशांवर लावले आणि त्यांना तिथे हलवले.

2024 मध्ये त्यांतील एक उघडली. गाळ खाली बसावा म्हणून ती दोन दिवस उभी ठेवली, मग मानेमागे बॅटरी धरून वाईन सावकाश डिकँटर या काचेच्या सुरईत ओतली आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी दिसताच हात थांबवला. जुनी वाईन हवेत लवकर उतरते, म्हणून अर्ध्या तासातच चाखली. पेल्याच्या कडेला रंग विटकरी झाला होता. करवंदांच्या जागी सुके अंजीर, तंबाखूचे पान आणि चामड्याचा वास होता. तुरटपणा अजून होता, पण मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यातील सालीसारखा, चवीत मिसळून गेलेला. 2016 मध्ये जी वाईन मुकी वाटली होती, ती हीच.

आता दोन बाटल्या उरल्या आहेत. एक येत्या हिवाळ्यात उघडेन. दुसरीचा निर्णय पहिलीची चव पाहून घेईन.